पहिल्या पानावरचे ‘ते’

मंगळवार, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप आईला,

धाकटीचा वाकून नमस्कार. भावोजींना विचारलं म्हणून सांग. ताईलाही सांग असं लिहिणार होते, पण वाचून दाखवणार तीच, तेव्हा ताई, तुझं तूच घे.

डोळ्यात थेंब वेळेवर पडतायत ना? ऑपरेशनला महिना झाला म्हणजे सगळं मोकळं झालं असं आईला वाटत असणार. वाकायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, आणि ही बया खाली बसून कपाटाचा खालचा कप्पा आवरत असणार, मला इथे बसून दिसतंय. ताई, ओरड तिला माझ्या वतीने.

इकडे सगळं ठीक. थंडी वाढली आहे. कवळ्यांचं काम उदंड. एका आजोबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. ती टोचत नाही, सैलही नाही. म्हणतात, दात माझे वाटत नाहीत. अहो, नाहीतच ते तुमचे! पण असं तोंडावर म्हणता येत नाही. पुन्हा मेण, पुन्हा साचा, पुढचे दोन दात केसभर मागे घ्यायचे आणि त्यांना आरसा दाखवायचा.

हे बरे आहेत. त्यांना बसचा नवीन मार्ग मिळालाय. ते पहाटे निघतात, पण दुपारी लवकर घरी येतात. तू विणलेला स्वेटर त्यांनी परवाच बाहेर काढला. ते म्हणत होते, इतकी वर्षं झाली, एक टाका उसवला नाही. ते तुझी नेहमी चौकशी करतात. भाषा येत नाही म्हणून बोलणं होत नाही, एवढंच.

रविवारी फोनवर माझा आवाज बसला होता तो आता सुटलाय. काळजी करू नकोस.


बुधवार, १० नोव्हेंबर

ताई, इथे जरा थांब. भावोजी घरात असतील तर दार लोटून घे. आईला नीट टेकून बसव. आणि पुढचं वाचताना गाळू नकोस. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकातले शेरे तू गाळून वाचायचीस, तेव्हा वाचले मी. या वेळी नको वाचवूस.

आई, कालच्या पानातलं डोळ्याचं खरं, कवळीचं खरं. ‘ते’ म्हणून जे जे लिहिलंय ते सगळं खोटं. ते नाहीत. ते कधीच नव्हते. ती आहे.

बस चालवते ती. स्वेटर घालते ती. तुला आठवतं, तू माप विचारलंस आणि मी छाती छत्तीस सांगितली, तर तू म्हणालीस, अगंबाई, किती किरकोळ आहेत गं, जेवतात ना नीट? मी इकडे तोंडावर हात दाबून हसत होते. हसण्यावारी नेलं मी सगळं. सात वर्षं हसण्यावारी नेलं.

ती माझी मैत्रीण नाही. म्हणजे आहे, पण बाकी लोकांच्या असतात तशी नाही. एका घरात, एका पलंगावर, नवरा-बायको असतात तशा आम्ही राहतो. झालं, लिहून झालं. काल रात्रभर हे एक वाक्य जमत नव्हतं. आई, आपल्या भाषेत यासाठी शब्द शोधून शोधून दमले. जे आहेत त्यातले अर्धे शिव्या आहेत आणि उरलेले वर्तमानपत्रातले, ते तुझ्यासमोर उच्चारले तर तुला वाटेल मला काही रोग झालाय.

रोग नाही गं. पहिल्या लग्नातला माणूस वाईट नव्हता, हे तुला पुन्हा एकदा सांगते. दोन वर्षं त्याने वाट बघितली. तो जवळ आला की माझं अंग लाकूड व्हायचं, आणि तो बिचारा विचारायचा, माझं काही चुकतंय का? त्याचं काही चुकत नव्हतं. मीही चुकत नव्हते. परत आले तेव्हा तू चार लोकांत सांगितलंस की मुलाकडच्यांनी फसवलं. त्या माणसाच्या नावावर खपवलं आपण. मी गप्प बसले, कारण खरं काय ते मला तरी कुठे धड ठाऊक होतं? इथे आल्यावर, चाळिशीला टेकल्यावर, एका बसमध्ये छत्री विसरले आणि ती छत्री घेऊन एक ड्रायव्हरबाई माझ्या मागे धावत आली, तेव्हा कळलं. छत्री हातात देताना तिचा हात लागला आणि हे लाकूड, आई, हे तुझ्या पोटचं लाकूड अख्खं थरथरलं. लाज वाटते तुला लिहिताना. पण ती लाज तू माझी आई आहेस म्हणून वाटते, झालं त्याची वाटत नाही.

तिच्या भाषेत क्रियापदाला बाई-पुरुष नसतो. ‘आली’ आणि ‘आला’ एकच. त्या भाषेत मला काही लपवावं लागत नाही, कारण मुळात काही सांगावंच लागत नाही. आपल्याकडे तसं नाही. नुसतं ‘जेवायला बसली’ म्हटलं की सगळं उघडं पडलं. म्हणून तुझ्याशी बोलताना मी ‘ते’ धरलं. ते आले, ते जेवले, ते दमले. तूच सुखावलीस, धाकटीचा संसार पुन्हा लागला म्हणून. मी म्हटलं, असू दे.

पण माझी हाव बघ. त्या सोप्या भाषेत माझं भागेना. मला आपल्या भाषेत कुणीतरी हाक मारायला हवी होती. राग आपल्या भाषेत यायला हवा होता. मग मीच तिला शिकवायला बसले. आणि ती शिकली गं! त्यांना भाषा येत नाही असं काल लिहिलं ना, तेही खोटं. वहीत काना-मात्रा गिरवत, बोट ठेवून वाचत, सगळं शिकली. “मी दमली. तू उगाच डोका खाऊ नको.” डोकं म्हण गं, म्हटलं तर म्हणते, “तुझा डोकं, माझा डोका.” तुझ्यासाठी तिने एक वाक्य पाठ केलं होतं: “नमस्कार आई, मी बोलतेय, तुमची तब्येत कशी आहे?” दर रविवारी फोनच्या शेजारी उभी राहायची. मी फोन घेऊन आत जायचे.

एकदा तू तिचा आवाज ऐकलास. कोण बाई बोलतेय म्हणालीस. मी म्हटलं, घरमालकीण. तिने नंतर अर्थ विचारला. मी शब्द फोडून सांगितला, घराची मालकीण. केवढी खूश झाली. आठवडाभर घरभर मिरवत होती, मी घरमालकीण, मी घरमालकीण.

आणि ‘ते’. ते तर तिने फार आधीच पकडलं होतं. फोनवर माझ्याबद्दल ‘ते आले’ का म्हणतेस? मी म्हटलं, आमच्याकडे मान द्यायचा तर अनेकवचन वापरतात. त्यात खोटं काय होतं, सांग? निम्मं खरं होतं. तिने ते वहीत लिहून घेतलं.

दोन आठवड्यांपूर्वी तिच्या बसमध्ये आपल्या भाषेच्या एक आजी चढल्या. हिने लगेच नमस्कार केला. आजींना काय आनंद! रोज पुढच्या सीटवर बसून गप्पा. हिने एक दिवस त्यांना ऐटीत सांगितलं, आमच्या घरी मला मानाने बोलवतात, मी आले की म्हणतात, ते आले. आजी खो खो हसल्या. म्हणाल्या, “अगं पोरी, बाईमाणसाला ‘त्या’ म्हणतात. त्या आल्या. ‘ते आले’ म्हणजे नवरा आला.”

संध्याकाळी घरी आली. टोपी टेबलावर ठेवली. कोट काढला नाही.

“मी ते का त्या?” म्हणाली.

“अगं, काय झालं?”

“त्या असतं. बाईला त्या असतं. तू मला सांगितलं नाही.” आणि मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, “सात वर्षं मी मान समजली. तुझ्या घरात मी बाप्या आहे. मी तुझ्या घरात नाहीच आहे.”

मी खूप बोलले. तुझं वय सांगितलं, तुझे डोळे सांगितले, ताईचं सासर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, रविवारी फोन येईल, मी शेजारी उभी राहीन, तू आईंना फक्त एक वाक्य सांग. माझ्याबद्दल. बाईचं वाक्य. कुठलंही चालेल, ती जेवतेय म्हण.

परवाचा रविवार तुला आठवत असेल. ती शेजारी उभी होती. तू विचारलंस, हे कसे आहेत? माझ्या तोंडात ‘ती’ आली होती, आई. दातापर्यंत आली होती. तू म्हणालीस, घसा बसलाय का गं, गरम पाणी पी. आणि मी म्हटलं, बरे आहेत.

तिने मला फोन ठेवू दिला. मग एक बॅग भरली आणि बहिणीकडे गेली. दारात म्हणाली, “तोंडाने जमत नाही तर लिही. गुरुवारी राहिलेले कपडे न्यायला येते. तेव्हा वाचीन. नीट लिहिलं असेल तर कपडे राहू दे.”

म्हणून हे लिहितेय. माझं सगळं उद्यावर आहे. आई, तुझ्याकडे एवढंच मागणं आहे. हे वाचून झाल्यावरच्या रविवारी फोन करशील तेव्हा ‘हे कसे आहेत’ विचारू नकोस. ‘ती कशी आहे’ विचार. रागाने विचारलंस तरी चालेल. मला दहा शिव्या घाल आणि मग विचार. मी तुझी भाषा सोडू शकत नाही आणि तिला सोडून मला जगता येणार नाही. दोन्हीकडून ओढ बसून माझे तुकडे पडायची वेळ आलीय. कालचं पान फाडावं का असं मनात आलं. पण सुरुवातीलाच हे सगळं तुझ्या अंगावर कसं टाकू? म्हटलं, आधी थोडं नेहमीचं असू दे. ताईने दोन मिनिटं नेहमीसारखं वाचलं की तुलाही धीर येईल.


गुरुवार, ११ नोव्हेंबर

आई, मी आज घरी थांबले नाही. ती वाचत असताना समोर बसायची छाती झाली नाही. पानं टेबलावर ओळीने ठेवली, वर तिचा वाचायचा चष्मा ठेवला आणि कामावर गेले. दिवसभर त्या आजोबांची कवळी हातात होती. एक दात दोनदा उलटा लावला.

घरी आले. कपाट उघडं, तिची बाजू रिकामी. किल्ली टेबलावर. पहिल्या पानावर तिने पेन्सिलने प्रत्येक ‘ते’भोवती गोल काढलाय. एकही सोडला नाही. वहीतल्या चुका मी तिला अशाच दाखवायचे. दुसरं पान मी ठेवलं होतं तसंच होतं. तिसरंही.

मी वेड्यासारखा फोन केला. म्हटलं, अगं, पुढे वाच, पुढे सगळं लिहिलंय, ‘ती’ लिहिलंय, सगळीकडे ‘ती’ लिहिलंय! ती म्हणाली, असेल. मी म्हटलं, मी आत्ता येते, बसथांब्यावर उभी राहते, तुला वाचून दाखवते. ती म्हणाली, पहिलं पान तू फाडलं नाहीस. म्हटलं, अगं, ते आईसाठी, तिला एकदम धक्का बसू नये म्हणून. ती म्हणाली, हो ना. आधी आईंचा धक्का, मग मी. मी तुझ्या मागच्या पानावर राहते, आणि मला आता तिथे राहायचं नाही.

हे सगळं ती तिच्या भाषेत बोलली. आपला एक शब्द वापरला नाही. मी आपल्या भाषेत विनवत होते आणि ती तिच्या भाषेत उत्तरं देत होती. शेवटी फोन तिनेच ठेवला. त्यानंतर मी सहा वेळा लावला. उचलत नाही.

तेव्हापासून टेबलाशी बसून आहे. चहा केला होता, तो तसाच गार झाला. तिला तुझ्यापासून लपवलं आणि तुला दुखवायचं नाही म्हणून तिला मागे ठेवलं. दोघींना सांभाळायला गेले, आणि सांभाळलं ते फक्त माझं भित्रेपण. मला फार भीती वाटतेय, आई. हे घर एवढं मोठं कधी नव्हतं.

हे पत्र आता पाठवायचं कशाला, असंही वाटलं. मिळवायचं काही उरलं नाही. तू रविवारी ‘ती कशी आहे’ विचारलंस तरी मी काय सांगू? पण नाही पाठवलं तर तू विचारशील, हे कसे आहेत. आणि मी म्हणेन, बरे आहेत. तिचं कपाट रिकामं असताना म्हणेन. मला माझी खात्री आहे, म्हणून टाकतेय. पहिलं पानही टाकतेय, तिच्या गोलांसकट. तिने तुला लिहिलेलं तेवढंच आहे.

ताई, पुढची ओळ हळू वाचू नकोस. खाकरू नकोस, पाणी प्यायला उठू नकोस. आईच्या चांगल्या कानाशी, मोठ्याने वाच. तिने मागितलेलं ते एक बाईचं वाक्य आता माझ्याकडे एवढंच उरलंय.

ती गेली, आई.

रविवारी तू फोन करशील की नाही, ठाऊक नसलेली,
तुझी धाकटी