मातृभाषेतील तीन वाक्ये

चंडीगड, ३ ऑक्टोबर १९८८

अस्मादिकांचे या नगरीत शुभागमन झाले. स्वागतास वाळूच्या पोत्यांमागून एक बंदूक डोकावली. पुण्यास निरोप द्यायला तेवढेही कोणी आले नव्हते. सेक्टर बावीसमध्ये एका हलवायाच्या माडीवर खोली मिळाली. येथे वस्त्यांना नावे नाहीत, अंक आहेत, आणि बारानंतर एकदम चौदा येतो. जी नगरी आपला तेरावा सेक्टर विसरून सुखाने नांदते, तिथेच विस्मृतीचे औषध सिद्ध व्हावे हे सर्वथा उचित.

सौ. रत्नप्रभा दिवाळीपूर्वी येईल. तोवर पराठा हेच आराध्यदैवत.

६ ऑक्टोबर

संशोधन केंद्राचे प्रमुख डॉ. ग्रेवाल यांनी गोळी दाखवली. हत्याकांडातून वाचलेल्यांच्या मनातून तेवढा एक प्रसंग पुसणे हे तिचे अवतारकार्य. तो खरोखर पुसला गेला की नाही हे तपासणे माझे. मी मानसशास्त्रज्ञ म्हणून तिचे ‘विस्मृतिवटी’ असे नामकरण केले. ग्रेवाल म्हणाले की पंडितजी, मूल आधी जगू द्या, बारसे मग करू.

सहायिका लीना ही हवाई दलातील मराठी अधिकाऱ्याची कन्या. तिला मराठी सगळे समजते, उत्तर मात्र हिंदीतच येते. मी त्याबद्दल साभिनय संताप व्यक्त केला, तर म्हणते कशी, अंकल, इतनी संस्कृत में तो मेरी दादी भी नहीं डाँटती.

११ ऑक्टोबर

पहिल्या रुग्ण हरबन्स कौर. त्यांना सगळे बीजी म्हणतात. बस अडवून त्यांच्या मुलाला, मनजीतला, त्यांच्यादेखत उतरवले आणि ठार केले. कोणी, याविषयी शेजाऱ्यांत दोन मते आहेत, गोळ्यांविषयी एकच. वटीने तो प्रसंग पुसला, पण प्रतीक्षा शिल्लक ठेवली. बीजी मनजीतसाठी स्वेटर विणत बसतात आणि तो जेवायला का आला नाही म्हणून रागावतात.

माझी कार्यपद्धती आज मान्य झाली. सकाळी रुग्णाचे मनगट धरून विचारायचे की घरी कोणकोण असते. उत्तर यथार्थ असेल तर मनगट सोडायचे. अयथार्थ असेल तर ते न सोडता सत्य सांगायचे आणि नाडी मोजायची. सत्य तीन वाक्यांत, विशेषणरहित, रोज तेच, आणि रुग्णाच्या मातृभाषेतच. परभाषेत माणूस दुःखालाही पळवाट काढतो. शेवटचे कलम ऐकून ग्रेवालांनी मला चहा पाजला.

ती तीन वाक्ये पंजाबीत मी त्यांच्याकडून घोटून घेतली. मनजीत नाही. बस अडवून त्याला उतरवले. त्याला मारले.

१९ ऑक्टोबर

पद्धती उत्कृष्ट चालली आहे. बीजी रोज सकाळी प्रथमच ऐकतात, रोज प्रथमच ऊर बडवतात, वटी घेतात, संध्याकाळी पुन्हा विणू लागतात. जगात इतके ताजे दुःख अन्यत्र मिळणार नाही. एक गोष्ट नोंदण्याजोगी: मी दारात दिसताच त्या कान झाकतात. कारण विचारले तर त्यांना ते माहीत नसते. मलाच खुळा ठरवून पिन्नी खायला देतात.

लीना म्हणाली, अंकल, एक दिन झूठ बोल दीजिए ना. मी म्हटले, विज्ञान म्हणजे तुझी दादी नव्हे.

२ नोव्हेंबर

रत्नप्रभा पिंजौरला तिच्या भावाकडे उतरली आहे. फोनवर म्हणाली, राजाभाऊ रविवारी कारखान्याच्या गाडीने सोडतो आहे, तेवढी कळ काढा. मी म्हटले, पराठ्यांनी माझा देह त्रिकोणी झाला. शनिवारच्या बसने ये. हसली. म्हणाली, वय झाले तरी बायकोवाचून चालत नाही म्हणा सरळ.

५ नोव्हेंबर

बस आली नाही.

अड्ड्यावर कोणी काही सांगत नाही. एक सरदारजी चौकशीच्या खिडकीशी रडत होते. मी त्यांना विचारले नाही — उत्तर कोणत्या भाषेत येईल —

६ नोव्हेंबर

राजाभाऊ आणि मी ओळख पटवून आलो. तिच्या पिशवीत डबा होता. चकली एकही मोडली नव्हती.

१४ नोव्हेंबर

वटी मागितली. ग्रेवाल आधी नाही म्हणाले, नंतर म्हणाले की सुशिक्षित रुग्ण हवाच होता. एकच सवलत मागितली: मला सत्य सांगू नये. प्रतीक्षा चालेल. प्रतीक्षेत ती असते.

ते म्हणाले की पंडितजी, नियम तुमचाच आहे. त्यांच्या जागी मी हेच म्हणालो असतो. लीना रडते आहे. ही पाने ती घेऊन जाईल, मला कोरी वही मिळेल. तिला म्हटले, बेटी, एक दिवस —

(तारीख लीनाला विचारायची आहे)

कोरी वही, नवा संकल्प! अस्मादिकांची प्रकृती उत्तम आहे. काही किरकोळ ज्वरामुळे केंद्रातच बीजींच्या शेजारची खाट मिळाली. दिवाळीपूर्वीच इतकी थंडी पडावी हे नवल. बीजींनी स्वेटर माझ्या अंगाला लावून पाहिला आणि बाह्या आखूड म्हणून मलाच रागावल्या.

रत्नप्रभा येतेच आहे. शनिवारी.

(तारीख लीना सांगत नाही)

व्हरांड्यात लीनाच्या चपला वाजल्या की घाम फुटतो. मी कान झाकतो. गुणी मुलगी आहे — मग का — उशी रोज ओली असते. घसा बसलेला, रात्रभर कोणी ओरडल्यासारखा.

सकाळ

लीना आली. डावे मनगट धरले; उजवा हात लेखनास मोकळा. विचारते, घरी कोणकोण असते. माझाच प्रश्न मलाच! सांगितले: आम्ही दोघे, ती शनिवारी येते आहे.

मनगट सोडलेले नाही.

ती मराठीत बोलते आहे — कधी बोलत नाही — उच्चार किती स्वच्छ, रोज घोटल्यासारखे — काकू, म्हणते — पण रुग्णाच्या मातृभाषेत तर फक्त —