तळ्याकाठी घेतलेलं नाव

काकू, तुमच्या घराला आता पांढरा रंग दिलाय. दारासमोरचं मेपलचं झाड कापलं, गॅरेजचं दार बदललं, आणि तुम्ही जिथे सायकल टेकवून ठेवायचात तिथे आता गाडी चार्ज करायचं यंत्र बसवलंय. रोज तिथूनच जाते येते मी. बघायचं नाही असं ठरवते आणि बघते.

तुम्ही माझ्या दारात पहिल्यांदा उभ्या राहिलात तेव्हा मी तुम्हाला धड ओळखतही नव्हते. गणपतीच्या जेवणात एकदा कोणीतरी लांबून दाखवलं होतं, एवढंच. मिरजेला शिकून फार पूर्वी अमेरिकेत आलेल्या, भूल देणाऱ्या डॉक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, काका गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या काकू. आणि या वयात चड्डी घालून सायकल चालवतात म्हणून बायका ज्यांच्याबद्दल जरा हसून बोलायच्या, त्या. मी काही आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी आले होते. दिवस पूर्ण भरले होते. मुलगी झाली होती, पण ती रडली नाही. आईला व्हिसा मिळाला नव्हता, त्यामुळे ती नागपुरातून फोनवर सांगायची, "आता त्याचा विचार करू नको बाई, वय आहे अजून." नवरा ऑफिसला जायचा, परत येऊन टीव्हीसमोर बसायचा, त्याला तर कोणी एवढंही म्हणत नव्हतं. मैत्रिणी डबे घेऊन यायच्या, पावसाबद्दल बोलायच्या, निघताना "टेक केअर यार" म्हणायच्या. डिपेंडंट व्हिसावर होते, म्हणजे नोकरी नाही. सकाळी उठून जायचं तरी कुठे, हा प्रश्न रोजचा होता. आणि अंगावर दूध येत होतं, ते कोणाला सांगायचं हेही कळत नव्हतं.

तुम्ही स्टीलचा डबा माझ्या हातात दिलात. "डिंकाचे लाडू आहेत. रोज सकाळी एक खायचा."

"हे कशाला, काकू?"

"कशाला म्हणजे? बाळंतीण आहेस ना तू?"

तो शब्द मला कोणी लावला नव्हता. जणू बाळ नाही तर बाळंतपणही झालं नाही, असंच सगळे वागत होते आणि मीही त्यात सामील झाले होते. मी दारातच रडायला लागले. तुम्ही मला जवळबिवळ घेतलं नाही. बूट काढलेत, थेट स्वयंपाकघरात गेलात, आणि मला तिथून तुमचा आवाज ऐकू आला, "साखर कुठे ठेवतेस गं?" लाडू कडक झाले होते, गूळ जरा जास्त पडला होता. स्वयंपाक हा तुमचा प्रांत नव्हताच. मी ते सगळे खाल्ले.

मग पुढच्या वसंतात तुम्ही तुमची जुनी निळी सायकल घेऊन आलात. "येते का चालवायला?"

"कॉलेजला सायकलनेच जायचे मी. पण काकू, नागपुरात चढ नाहीत."

"इथे आहेत," तुम्ही म्हणालात, आणि खिशातून पाना काढून सीट खाली करायला लागलात. नदीकाठच्या ट्रेलवर, आपल्या रेडमंड गावच्या त्या कंटाळवाण्या भुरभुर पावसात, तुम्ही मला रोज नेत होतात. फार बोलत नव्हतात. मी चढावर दमून उतरले की ओरडायचात, "अगं, गिअर आधी बदलायचा, दम लागल्यावर नाही!" तुमच्या मागून चालवताना माझं सगळं लक्ष तुमच्या पिवळ्या जॅकेटवर असायचं, आणि तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही यायचं नाही.

सप्टेंबरात तुम्ही मला डोंगरापलीकडच्या तळ्यावर नेलंत. खिंडीपर्यंत पाऊस आणि खिंड ओलांडली की लख्ख ऊन. लेव्हनवर्थला गाडी ठेवून आपण सायकली काढल्या, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवल्या. ते गाव बघून मी चकित झाले होते: लाकडी सज्जे, खिडक्यांत लाल फुलं, भिंतींवर रंगवलेली चित्रं, सगळं जर्मनीतल्या डोंगरगावासारखं. तुम्ही हसलात. "हे मूळचं नाही बरं का. लाकडाचा धंदा बसला, गाव ओस पडायला लागलं, तेव्हा लोकांनी घरांना असं रूप दिलं. आता कोणाला आठवतंय?" रस्त्याकडेच्या टपरीवरून तुम्ही नासपती घेतल्यात. मग प्लेन नावाच्या गावाकडे जाणारा चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना उंच पाइन, तापलेल्या सालीचा गोडसर वास, आणि वळणामागून नवीन वळण. अर्ध्यावर मी उतरले आणि सायकल सरळ गवतात टाकून दिली.

तुम्ही मागे वळून आलात. मी म्हणत होते, "मला नाही जमत. मला काहीच जमत नाही. बाईला जे सहज जमतं तेसुद्धा मला जमलं नाही."

तुम्हाला इतकं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "हे वाक्य माझ्यासमोर परत बोलायचं नाही. आयुष्यभर लेबर रूममध्ये उभी राहिलेय मी. कोणाचं काहीही चुकलेलं नसताना मुलं गेलेली पाहिली आहेत. तुझं काही चुकलेलं नाही. हे मी डॉक्टर म्हणून सांगतेय, काकू म्हणून नाही. आता पाणी पी." मी पाणी प्यायले. हॉस्पिटलात हेच मला हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं आणि मला ते खरं वाटलं नव्हतं. तुम्ही खेकसून सांगितलंत, तेव्हा पटलं.

संध्याकाळी आपण तळ्याच्या उत्तर काठावर बसलो आहोत. बर्फाचं पाणी, निळंही नाही आणि हिरवंही नाही. समोरच्या डोंगराची सावली हळूहळू अर्ध्या तळ्यावर आलीय, तुम्ही चाकूने नासपती कापताय. "मला मूल झालं नाही," तुम्ही म्हणता, "त्यामुळे तुझं दुःख मला समजतं असं मी म्हणणार नाही. पण एक विचारू? नाव ठरवलं होतंत का?"

कोणी विचारलं नव्हतं. आईने नाही, मैत्रिणींनी नाही. आम्ही नवराबायकोही ते नाव एकमेकांसमोर घेत नव्हतो. मी घेतलं. पाण्याकडे बघत, बारीक आवाजात. तुम्ही ते एकदा स्वतः उच्चारून पाहिलंत, नव्या मुलीशी ओळख झाली की उच्चारतो तसं, आणि म्हणालात, "छान आहे. सुटसुटीत. इथल्या मास्तरणींना मोडता आलं नसतं." मी हसले, काकू. तिच्याबद्दल बोलताना त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

पुढे दर वर्षी तिच्या दिवशी तुमचा फोन यायचा. "आज तिचा वाढदिवस ना?" बाकी काही नाही. दर सप्टेंबरात आपण तळ्यावर जायचो. मला नोकरी लागली, ग्रीन कार्ड झालं, मुलगा झाला. तेव्हाही तुम्ही लाडू आणलेत आणि तेव्हाही ते कडकच होते. मग एका वर्षी प्लेनच्या तिठ्यावर तुम्ही सायकल थांबवलीत आणि मला विचारलंत, "आता कुठे वळायचं?" मला वाटलं थट्टा करताय. तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तुम्ही खरंच विचारत होतात. परतीच्या वाटेवर मी पुढे होते, आणि सारखी मागे वळून बघत होते.

विसरणं वाढत गेलं, तुम्हाला केअर होममध्ये ठेवावं लागलं, आणि तिथे मी दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर यायचे. तुम्हाला काका आठवत होते, मिरजेचं हॉस्टेल आठवत होतं, मी बहुधा कोणीतरी ओळखीची होते. मुलाला आणलं की तुम्ही त्याला सभ्यपणे "हॅलो" म्हणायचात. आणि एका गुरुवारी तुम्ही माझा हात धरून एकदम तिचं नाव घेतलंत. "कशी आहे गं ती? शाळेत जायला लागली असेल."

मी काय करायला हवं होतं, मला अजून माहीत नाही. नर्स तुमची उशी नीट करत होती. मी म्हटलं, "जाते ना, काकू. दुसरीत आहे."

"सायकल येते?"

"येते. मागची छोटी चाकं काढली आता."

तुम्ही किती खूश झालात! मग दर गुरुवारी तुम्ही विचारायचात आणि मी सांगायचे. तिचा दात पडला. ती भेंडी खात नाही. तिला चित्रकला आवडते, गणित आवडत नाही. एकदा खाली यायला मला फार उशीर झाला. नवरा गाडीत वाट बघत होता, वैतागला होता. मी त्याला सगळं सांगून टाकलं. तो चिडेल असं वाटलं. त्याने सुरू केलेली गाडी बंद केली आणि म्हणाला, "केस लांब ठेवलेत का तिने?"

त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. न्यू जर्सीहून तुमचा पुतण्या आला, सगळं व्यवस्थित झालं, लोक तुमच्या सायकलबद्दल प्रेमाने बोलले. मी तुमच्यासाठी आले होते आणि रडत दोघींसाठी होते. तुमच्या त्या खोलीत ती वाढत होती. ती दुसरीतच राहिली.

मी तळ्यावर जायचं सोडलं नाही. इतकी वर्षं एकटीच जायचे, काठावर बसायचे, रडून यायचे. परवा मात्र मुलगा म्हणाला, "कॅन आय कम?" तो आता माझ्यापेक्षा उंच आहे. बहीण होती हे त्याला माहीत आहे, आम्ही सांगितलंय. काकू त्याला जेमतेम आठवतात. चढावर तो पुढे निघून जायचा आणि वळणावर थांबून हाका मारायचा, "मॉम, यू ओके?" प्लेनला आम्ही आइस्क्रीम खाल्लं. त्याचं चाक पंक्चर झालं, ते बदलताना दोघांचे हात काळे झाले. तळ्यात त्याने कपड्यांसकट उडी मारली, "इट्स फ्रीझिंग!" म्हणून किंचाळला, आणि मलाही ओढलं. इतक्या वर्षांत त्या पाण्यात मी कधी पाऊल घातलं नव्हतं. दात वाजत होते आणि आम्ही वेड्यासारखे हसत होतो.

परतताना तो शेजारी झोपला होता. खिंड ओलांडून पाऊस लागला, वायपर सुरू केले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुपारभर मला तिची आठवण आली नाही. तुमचीही नाही. गाडी कडेला घेऊन मी थांबले, रडू येईल म्हणून. आलं नाही. हे कोणाला सांगणार? तुम्ही असतात तर तुम्हाला सांगितलं असतं, म्हणून लिहिलं, आणि पाठवायला पत्ता नाही तेच बरं आहे. कारण खरं सांगायचं तर, काकू, ती दुपार मला फार आवडली.