काकड्यांच्या घरात अकरा गाई

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (हे वाकणं नुसतं लिहिण्यापुरतं नाही. गेले पाच दिवस मला सरळ उभंच राहता येत नाही, त्यामुळे जो भेटेल त्याला माझा आपोआप वाकून नमस्कार होतो आहे. कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजी सकाळी खरंच फिरायला जातात, की अजून नुसते फिरायचे बूट घालून पेपर वाचत बसतात? इकडे माणसं ठीक आहेत. गाई तर फारच मजेत आहेत. काकड्यांबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही.

महिन्यापूर्वी तुला संमतीचा कागद पाठवला होता, त्यावर तुझी सही अजून आलेली नाही. हे पत्र त्यासाठी नाही, तू घाई करू नकोस. पण इथे गुरुवारी जे झालं ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. इकडून तिकडून कळलं तर त्याला तिखटमीठ लागलेलं असेल आणि त्यात तुझा भाऊ मूर्ख दिसेल. माझ्याकडून कळलं तरी मूर्खच दिसेल, पण निदान तपशील बरोबर असतील.

तुला आठवत असेल, चार वर्षांपूर्वी गोठ्यामागच्या पडीक तुकड्यावर आम्ही पॉलिहाऊस उभं केलं. आम्ही म्हणजे तुझ्या भावजयीनं. मी खांब धरले. आत बिनबियांची काकडी. वेल दोरीवरून छतापर्यंत चढतात, आणि त्यांचे लाड बघशील तर थक्क होशील. ऊन जास्त झालं की पडदा ओढायचा, कमी झालं की सारायचा, उकडायला लागलं की छताच्या बारीक तोट्यांतून धुकं सोडायचं, वर पंखे. पाणी मोजून, खत मोजून, शिवाय आत जाताना पाय धुवायचे. (बाबांनी आपले एवढे लाड केले असते तर आपणही सरळ आणि एकसारख्या लांबीचे वाढलो असतो.) पण काकडीनं उपकाराची फेड केली. दोन हॉटेलं दर शुक्रवारी माल उचलायला लागली आणि घरात काकडीचा शब्द चालायला लागला.

गोठ्याचं तसं नव्हतं. चाऱ्याचा भाव दर महिन्याला चढतो आणि दुधाचा भाव जो ठरवतो त्यानं गाय फक्त चित्रात पाहिली असावी. अकरा गाई, त्यातल्या दोन भाकड, म्हणजे दूध शून्य आणि जेवण पूर्ण. शेवटी डेअरीतल्या एकाच्या ओळखीनं मी सल्लागार बोलावला. पांढरा शर्ट, हातात टॅब, आणि गोठ्यात शिरताना बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या. त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल तर गाईंची नावं काढून त्यांना नंबर दिले. आपली मालकीण (तू बाटलीनं वाढवलेल्या तांबडीची पणती; पणजीसारखीच कपाळावर पांढरा ठिपका आणि पणजीसारखाच तोरा) सातवी झाली. सातवीचं वय तेरा, दूध चार लिटर, खाणं आठ लिटरवालीचं. ती आत गेल्याशिवाय बाकीच्या दहा जणी गोठ्यात पाऊल टाकत नाहीत आणि तिची धार निघाल्याशिवाय एकही पान्हा सोडत नाही, हे मी सांगितलं. त्याच्या टॅबवर त्यासाठी रकाना नव्हता.

निकाल असा लागला, की काकडी गाईंना पोसते आहे. गाई विकाव्यात, गोठा पाडावा आणि तिथे दुसरं पॉलिहाऊस उभं करावं. ताई, कागदावर ते इतकं स्वच्छ दिसत होतं की मला वादच घालता येईना. मी मान डोलावली. तुझ्या भावजयीनं डोलावली नव्हती, पण ते माझ्या लक्षात आलं नाही असं तिचं म्हणणं आहे. जागा आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून तो कागद तुझ्याकडे आला. पाकीट चिकटवताना मला मुळीच बरं वाटलं नव्हतं, पण एवढं शिकलेला माणूस सांगतो म्हटल्यावर बरं न वाटणारा मी कोण?

तर गुरुवारी दुपारी गाईंचा व्यापारी यायचा होता. तो डोळ्यांसमोर धार काढायला लावतो आणि त्यावर भाव ठरवतो. आणि नेमका त्याच आठवड्यात असा काही उकाडा सुरू झाला की गोठ्याचे पत्रे हात लावू देईनात. गाई जीभ बाहेर काढून धापा टाकत होत्या, दूध निम्म्यावर आलं होतं. सल्लागाराला फोन केला. तो म्हणाला, गाईंना गार ठेवा, पंखे लावा, धुकं सोडा. आता आपल्याकडे पंखे आणि धुकं आहे कुठे? पॉलिहाऊसमध्ये. तिथला अर्धा भाग रिकामा होता (जुने वेल काढून वाफे तयार करायचे होते), अर्ध्या भागात शुक्रवारचा माल लगडलेला होता, आणि मध्ये पक्की जाळी होती. पक्की हा माझा त्या वेळचा शब्द आहे. गाईंना दोन-तीन तास रिकाम्या भागात उभं करावं आणि व्यापारी यायच्या आधी बाहेर काढावं, असा विचार मी केला, आणि तो सुचल्याबद्दल स्वतःवर बेहद्द खूश झालो हेही लपवत नाही.

मालकीण पुढे, बाकी मागे, अशी वरात आत गेली. धुकं सोडल्यावर मालकिणीनं डोळे मिटले. तिला तेरा वर्षांत कोणी पंखा लावला नव्हता. एवढं समाधान मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं असेल तर ते बाबा चहा प्यायचे तेव्हा. मी निश्चिंत मनानं आंघोळीला गेलो. व्यापाऱ्यासमोर बरं दिसावं म्हणून इस्त्रीचा शर्ट शोधला, त्याचं एक बटण तुटलं होतं, ते लावलं. असा पाऊण तास गेला असेल.

परत आलो तर जाळी जमिनीवर, आणि अकराच्या अकरा जणी पलीकडे. आपण एक काकडी खातो तेव्हा होणारा आवाज तुला माहीत आहे. अकरा जणी एकदम खायला लागल्या की पत्र्यावर कुणी खडी ओततंय असं वाटतं. दोऱ्या लोंबत होत्या आणि पान एकही नव्हतं. मालकिणीनं सर्वांत लांब, सरळ, हॉटेलला आवडेल अशी काकडी तोंडात धरून माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश चावली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. पोट फुगतंय का ते बघत राहा, बाकी काही होत नाही, म्हणाले. आणि सोबत मीठ दिलं होतं का, असंही त्यांनी विचारलं.

गाई काही केल्या बाहेर येईनात. एवढ्यात व्यापारी दारात. दूध काढायच्या मशीनचा पाइप तिथवर पोचत नव्हता, म्हणजे धार हातानंच काढायची, आणि मी हातानं धार काढली त्याला बारा वर्षं झाली. काकडीचा रिकामा क्रेट उलटा टाकून मी मालकिणीजवळ बसलो, कारण पहिली तीच. तिनं पान्हा साफ चोरला. माझी बोटं आखडली, घाम डोळ्यांत उतरला, बादलीत चार थेंब. व्यापारी घड्याळ बघत होता. मालकीण मान वळवून माझ्याकडे बघत होती, जणू मी काहीतरी विसरलोय. आणि मला एकदम आठवलं, काय विसरलोय ते.

ताई, बाबा धार काढताना गाईला घरची बातमी सांगायचे. आठवतं? त्या तीन पायांच्या बुटक्या स्टुलावर बसून, डोकं तिच्या पोटाला टेकवून, हलक्या आवाजात. माणसांशी ते दिवसाकाठी दहा शब्द बोलत नसत, त्यातले सहा चहाविषयी. पण गाईला सगळं सांगायचे. आईचं दुखणं कितपत आहे, छप्पर यंदा धरेल की नाही, मी गणितात कसा नापास झालो, सगळं. घरात काय चाललंय ते कळायला आपण चाऱ्याच्या ढिगामागे लपून बसायचो. तुझं लग्न ठरल्याचंही तुला तिथंच कळलं. बाबा तांबडीला म्हणाले, मुलगा बरा आहे, शांत आहे, पण घर लांब आहे. तू माझा हात इतका दाबलास की दुसऱ्या दिवशी मला पेन धरता येईना. रडलीस, आणि आवाज होऊ नये म्हणून तोंडात चारा कोंबलास. त्या ढिगाचा वास मला अजून येतो. गोठा पाडा म्हणणाऱ्याला हे कसं सांगणार, आणि सांगून तरी काय?

तर मी मालकिणीच्या पोटाला डोकं टेकवलं आणि बोलायला लागलो. सांगण्यासारखी बातमी एकच होती. म्हटलं, मालकीण, हा माणूस तुम्हाला न्यायला आलाय. ताईची सही मात्र अजून आलेली नाही. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, की ती सही येऊ नये म्हणून मी महिनाभर टपालवाल्याला चुकवतोय. तो पुढच्या दारानं आला की मी मागच्या दारानं गोठ्यात जाऊन उभा राहतो. ताई, हे मलाही त्याच क्षणी कळलं. मालकिणीनं पान्हा सोडला. बादलीवर फेस चढला, मागच्या दहा जणी हंबरल्या, आणि त्या आनंदात क्रेट मोडला. माझी कंबर तिथेच राहिली.

मी आडवा असताना बाकीच्यांची धार तुझ्या भावजयीनं काढली. ती एका ओरबाडलेल्या वेलामागे उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. (आपल्या घरात खाजगी बोलायची सोय कधीच नव्हती.) गार हवा आणि पोटभर काकडी, दूध असं निघालं की व्यापाऱ्यानं आपणहून भाव वाढवला. तिनं हात धुतले, पदर नीट केला, आणि गाई विकायच्या नाहीत एवढं सांगून त्याला चहा विचारला. मी वाफ्यात पडल्या पडल्या पहिल्यांदाच मोठ्यानं हो म्हटलं.

शनिवारी सल्लागार आला. त्यानं नवे आकडे भरले. या महिन्यात काकडी खड्ड्यात, आणि गाईंचं दूध वर, चाऱ्याचा खर्च खाली. टॅबनं विचार करून सल्ला दिला, की पॉलिहाऊस मोडून तिथे मोठा गोठा बांधावा. त्यानं स्वतःच तो दोनदा वाचला. मग तुझी भावजय म्हणाली, "साहेब, चार वर्षं काकडीला शेणखत कुणी घातलं? ते विकत आणलं असतं तर काकडी कुणाला पोसत होती ते दिसलं असतं." त्यानं टॅब वर केला, खाली केला, शेणाचा रकाना शोधला. सापडला नाही. त्यानं तो नवीन उघडला, आणि सगळी बेरीज केल्यावर म्हणाला, दोन्ही एकमेकींच्या आधारानं उभ्या आहेत, एक काढली तर दुसरी पडेल. हे बाबा तांबडीला फुकट सांगायचे. आता भाकड दोघींना चांगलं घर बघायचं, गोठ्यात पंखे लावायचे आणि जाळी खरोखरची पक्की करायची, असं ठरलं आहे. हॉटेलवाल्यांची मी माफी मागितली. काकड्या कुठे गेल्या ते मात्र सांगितलं नाही.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. तो कागद फाडून टाक. सही करून टपालात टाकला असशील तर लगेच फोन कर. आता कंबरेमुळे मला टपालवाल्याच्या आधी मागच्या दारापर्यंत पोचता येत नाही.

ता. क. २. खरं काम हे आहे. बाबा गेल्यावर तू त्यांचं स्टूल नेलंस. तेव्हा मी भांडलो होतो, तीन लाकडी पाय नेऊन काय करणार म्हणून. त्याबद्दल आज माफी मागतो. त्या स्टुलावर तू घरचा फोन ठेवतेस हे मला माहीत आहे. फोन दुसरीकडे ठेव. मालकीण आता मशीनला उभी राहत नाही, तिला माणूस लागतो, आणि क्रेटवर मी पुन्हा बसणार नाही. कुरिअरनं पाठवू नकोस, पाय मोडेल. तू घेऊन ये. गुडघ्यामुळे तुला त्यावर बसता येणार नाही हे मला कळतं. तुला खुर्ची देऊ, तू नुसतं बोल.

ता. क. ३. तुझ्या लग्नानंतर तू ढिगामागे नव्हतीस, मी होतो. वर्षभर बाबा तांबडीला एकच बातमी सांगत होते: आज ताईचं पत्र आलं, किंवा आज ताईचं पत्र नाही आलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला राग यायचा, कारण मी रोज तिथेच होतो आणि माझी बातमी काही निघत नव्हती. आता मी त्यांच्याच वयाचा झालोय आणि गेले पाच दिवस मालकिणीला तेच सांगतोय. तिला रोज नाही म्हणायचा मला कंटाळा आला आहे. यायची तारीख कळव.