नागपूर ते टोरांटो, पंधरा तास

सोम., १२ जाने.
सुमनला वर्ध्याच्या दवाखान्यात आणून आज तिसरा दिवस. दोन्ही किडन्या थकल्या. डॉ.नी बाहेर बोलावून सांगितलं, तीनेक दिवस धरा, कोणाला बोलवायचं तर बोलवा. कोणाला म्हणजे प्रशांतलाच, दुसरं लेकरू कुठे आहे. तो टोरांटोला.
तिलाच विचारलं. म्हणाली, "आताच नोका सांगू त्याले. मागच्या खेपेले तो धावत आला अन् मी चवथ्या दिवशी वावरात सांबाराच्या जुड्या बांधून राह्यली होती." कोथिंबिरीच्या त्या जुड्या मीच नागपूरला नेल्या होत्या.
फोनवर पाहिलं. नागपूर-टोरांटो बारा हजार कि.मी.च्या वर, विमानाला पंधरा तास. तीन दिवसांचे बहात्तर तास, त्यातले पंधरा गेले. उद्याचा रिपोर्ट पाहून फोन केला तरी पुष्कळ.

मंगळ., १३
रिपोर्ट वाईट. संध्या. ५ ला प्र.ला फोन, तिकडे सकाळ. म्हटलं आज निघ, उद्या पोचशील.
त्यानं तिथंच तिकिटं पाहिली. मग, "बाबा, ते पंधरा तास सरळ रेघेचे. नागपूरले सरळ इमान कोणतं येते?" रात्रीचं विमान, दिल्लीत आठ तास बसणं, मग नागपूर. गुरुवारी दहा-अकराच्या आधी नाही.
चाळीस वर्षं भाजीचा टेम्पो नेतो. केळझर-नागपूर रस्ता तासाभराचा, पण माल उतरेपर्यंत ऊन चढतं, हे मीच सगळ्यांना शिकवलं. आणि घरच्या कामात माती खाल्ली.

बुध., १४. संक्रांत.
११.१० ला सुमन गेली. सकाळी विचारत होती, "निंगाला का?" निघाला म्हटलं. तेवढं खरं होतं.
प्र. विमानात, फोन बंद. घरी केळझरला आणलं. उद्यापर्यंत ठेवू असं मी म्हणून पाहिलं. नाही कोणी म्हटलं नाही. थोरले भाऊ, दादा, जवळ येऊन बसले. "मयत उचलल्याबिगर आळीत चूल पेटत नाई. सण हाये, लेकरं उपाशी हायेत."
मी मान हलवली. सूर्य बुडायच्या आत सगळं. अग्नी पुतण्यानं दिला.

गुरु., १५
प्र. पावणेअकराला आला. बूट न काढता तिच्या खोलीत गेला, मग बूट काढले. मला बघवेना.
जेवताना विचारलं, "डॉक्टरनं कधी सांगतलं तुमाले?"
"मंगळवारी."
तोंडातून निघून गेलं.

सोम., २६
तेरवी झाली. माणसं गेली. प्र. दोनदा म्हणाला, "एक दिवस आंधी कळलं असतं, बाबा." मी पाणी आणायला उठलो, दोन्ही वेळा.

मंगळ., २७
आज निघाला. दवाखान्याची फाइल मागितली, तिकडे एका डॉक्टर मित्राला दाखवायची म्हणे. फाइलीत १२ तारखेचं पान आहे, 'नातेवाइकांना कल्पना दिली', खाली माझी सही. सकाळी ते काढून खिशात ठेवलं होतं. गाडी दारात आली तेव्हा परत लावलं, सगळ्यात वर, आणि फाइल त्याच्या हातातल्या बॅगेत घातली.
दिल्लीत आठ तास बसायचं आहे त्याला.