मधला टप्पा

३ फेब्रु.
ग्रंथपाल सरांनी सकाळीच तांत्रिक विभागाला उभं करून सांगितलं: विद्यापीठाला पाच वर्षांचा आराखडा पाहिजे, सगळ्यांनी डोकं लावा. मी खुश. आराखडा म्हणजे मीटिंग, मीटिंग म्हणजे समोसे.
काम तसं साधं. नवं पुस्तक आलं की शिक्का, नंबर, कॉम्प्युटरवर नोंद, मग मी हातानं नंबर लिहून पाठीवर स्टिकर लावतो, पुस्तक कपाटात. पण नोंद आणि स्टिकरच्या मधात सरोदेबाई बसतात. एकेक पुस्तक उघडून नोंदीशी ताडून पाहतात, स्टिकर लागल्यावर परत एकदा. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून नाकाला टेकवून. वैशू (माझ्यासारखीच कंत्राटी, नोंदी टाइप करते) त्यांना वासबाई म्हणते. मागून. तपासायच्या पुस्तकांचे खोके पंख्याला टेकले. पोरं पुस्तक मागून मागून पास होऊन गेली.

७ फेब्रु.
निघालो कामाला, पोचलो कळमन्याला. दोस्तासोबत तिथल्या बाजारात संत्र्यांचा लिलाव पाहत बसलो. ओरडणं ऐकायलाच मजा येते. दुपारी लायब्ररीत.
बाई: “कुठी होता गा सकाळपासून? खोकं तयार करून ठेवलं तुह्यासाठी.”
संत्रं पुढे केलं. सोलून अर्धं मलाच दिलं. मग एक पुस्तक उचललं, “हे पाह्य, स्टिकर तिरपं.” अक्षर दिसत नाही, तिरपं बरोबर दिसते!

११ फेब्रु.
मीटिंग. समोसे गार.
सरांनी सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. विभागाचा दुबळेपणा लिहा, खाली सही नको, मोकळेपणानं. कुठल्यातरी ट्रेनिंगातून शिकून आले. दुबळेपणा म्हणजे जागा, मशीन, असं काहीतरी त्यांना पाहिजे असेल. आमच्याकडे दुबळेपणा म्हटला की माणूसच आठवतो.
सर एकेक चिठ्ठी फळ्याला लावून मोठ्यानं वाचत गेले. “सरोदेबाई.” “सरोदे मॅडम.” पुन्हा “सरोदेबाई.” तिथं थांबले असते तर चाललं असतं. नाही थांबले. मग माझी आली. “वासबाई. हे कोण?”
वैशू फुटली. मग सगळेच. मीपण.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “काय असते रे हे?”
मी समोसा खाऊन राहिलो.
शेवटी बाईंची चिठ्ठी. अक्षर मोठ्ठं. ‘पोरं कंत्राटी. शिकवा, अन् निघून जातात. त्यायले कायम करा.’
सर म्हणाले, “बाई, हा मुद्दा आपल्या हातातला नाही,” आणि ती एकटी चिठ्ठी खिशात टाकली.

१७ फेब्रु.
आराखड्यात लिहून आलं: मधला टप्पा रद्द. नोंदी तयार मिळतात, नेटवरून उतरवायच्या, तपासायचं नाही. सरोदेबाई गेटवर, बॅगा सांभाळायला. त्यांची खुर्ची मला. बटण दाबायचं फक्त.
उशी नेली त्यांनी. खुर्ची टोचते.
वैशू: “आता काहून तोंड पाडून बसला गा? साहेब झाला न तू!”

२५ फेब्रु.
खोके संपले. सरांनी रिकाम्या कोपऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली चाळीसेक अंगठे. एका पुस्तकावर दुसऱ्याच पुस्तकाची नोंद चढली, मला दिसलं. राहू दिलं. कोणाची तक्रार नाही. म्हणजे बाईंची गरज नव्हती, किंवा कोणी वाचतच नाही. दोन्ही धरलं तरी बाई गेटवरच.

३ मार्च
मौद्याला वीज केंद्राच्या चिमण्या पाहायला गेलो होतो, उगाच. जवळून काहीच वाटलं नाही. परत आलो तर गेटवर बाईंनी बॅग मागितली.
“बाई, मी पंकज.”
“माहीत आहे न. नियम सगळ्याईले.” टोकन नाकाला लावून नंबर पाहिला, मग दिलं. मागे उभ्या पोरी खिदळल्या. बाईंनी त्यांच्याकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
“नाव कोणं ठेवलं रे?”
“वैशूनं.”
“अन् चिठ्ठीवर?”
स्टिकरवर नंबर मीच हातानं लिहीत होतो. ते अक्षर बाई दोन वर्षं नाकाला लावून पाहत होत्या. मी म्हटलं, माहीत नाही.
“बरं,” म्हणाल्या.

६ मार्च
सरांचं नवीन: स्टिकर छापून चिकटवणारं मशीन येणार. बटण तर वैशूपण दाबते. विभागात कंत्राटी एकच ठेवायचा. सोमवारी परत मीटिंग, परत चिठ्ठ्या, या वेळी गेटवाल्यांनाही बोलावलं.
वैशू सकाळपासून माझ्याशी गोड बोलून राहिली. डब्यातली भाजीपण दिली.
संध्याकाळी गेटवर बॅग घ्यायला गेलो. बाईंनी बॅग दिली, पट्टा धरून ठेवला.
“सोमवारी काय लिहिशील गा?”
“पाहू. तुम्ही?”
“माही लिहून तयार आहे.”
“मोठी?”
“नाही. सर म्हणतात न थोडक्यात लिहा. नाव अन् आडनाव, बस.”
आणि हसल्या. मस्करी असेल.
बाईंना मस्करी करताना अजून पाहिलं नाही.