पहिली बाटली

दि. ९, गुरुवार, दुपारचे दोन

प्रिय ताई,

नमस्कार. दोन्ही भाच्यांना पापा, भावोजींना त्यांच्या पोटावरून एक टोमणा. आई ठीक आहे. समोरचे ड्रायव्हरकाका संध्याकाळी तुमच्या गावी गाडी घेऊन निघतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तू मध्येच ओरडतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

ताई, सापडलं! बाबांचा ताप कशाचा ते सापडलं, आणि शोधलं कुणी? तुझ्या या धाकटीने!

मंगळवारी त्यांना आमच्याच हॉस्पिटलात दाखल केलं. (तुला मी 'सलाईनपुरतं ठेवलंय' म्हणाले होते. ते तूर्त सोडून दे.) नर्सने तीन वेळा, तीन वेगळ्या जागी टोचून तीन बाटल्या रक्त घेतलं. "अगं, मी माणूस आहे की नळ?" बाबा प्रत्येक सुईला विचारत होते. काल सकाळी लॅबमध्ये आमच्या मशीनची घंटा वाजली; बाटलीत जंतू वाढले की ती वाजते. एक बाटली. मग दुसरी! हातातला चहा तसाच टाकून पळाले बघ. दुपारी तिसरी. काचेवर थेंब घेऊन पाहिलं तर तिन्हींत तेच, जांभळ्या द्राक्षांच्या घोसासारखे जंतू.

आता गंमत ऐक. हे जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात, हे पत्र धरलेल्या तुझ्या बोटांवरसुद्धा. बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. रक्त घेताना कातडी नीट पुसली गेली नाही की सुईबरोबर बाटलीत शिरतात. म्हणून एखाद्याच बाटलीत दिसले तर आम्ही 'कातडीवरचे' असं लिहून पुढे जातो. वॉर्डातला नवा डॉक्टरही तेच म्हणाला, "सोडा हो, कातडीवरचे असतील." मी म्हटलं, "तिन्ही बाटल्यांत? आणि माणसाच्या हृदयात सहा वर्षांपूर्वी बसवलेली झडप असताना?" असल्या परक्या वस्तूवर हे गरीब जंतू असे चिकट थर करून बसतात की औषधाला दाद देत नाहीत. आमच्या लॅबच्या मॅडम कधी कुणाला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी तिन्ही काचा पाहिल्या आणि तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळी तपासणीत झडपेवर गाठ दिसली. कोणतं औषध चालेल तेही आज कळलं. मी तर लॅबमध्ये उडीच मारली!

बाबांना समजावलं तर म्हणाले, "म्हणजे घरचाच भेदी म्हण की!" सगळे हसले. मला हसता आलं नाही.

आता तू 'शाब्बास' म्हणशील. म्हणू नकोस गं.

पंधरा दिवसांपूर्वी ताप पहिल्यांदा आला, तेव्हा घरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. बाबा हॉस्पिटलात यायला तयार नव्हते, म्हणून मीच घरी घेतलं. एकच बाटली. दुसरा हात पुढे करेनात, मीही लाड केले. लॅबमध्ये नोंद न करता मशीनमध्ये ठेवली. दोन दिवसांनी त्यात हेच जंतू आले, ताई. हेच.

मला वाटलं, माझाच हात चुकला, पुसण्यात घाई झाली. आमच्याकडे कुणी घेतलेली बाटली अशी खराब झाली की फळ्यावर त्याच्या नावापुढे आकडा चढतो. माझ्यापुढे अकरा महिने भोपळा आहे. मॅडम नवीन मुलींना तो दाखवतात. मी कुणाला न सांगता बाटली फेकून दिली आणि डॉक्टरांना सांगितलं, काही उगवलं नाही. त्यांनी तापाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा रक्त घ्यायला हवं होतं, एवढंच. ते मी केलं नाही. तेरा दिवस गेले. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, लवकर कळतं तर कदाचित औषधावर भागलं असतं. आता सोमवारी छाती उघडून झडप बदलायची आहे. जोखीम मोठी आहे, हे त्यांनी आईसमोर नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी बाटली फेकली त्याच दिवशी तू फोन केला होतास. तिकीट काढलंय म्हणालीस, आणि मी म्हटलं, "रिपोर्ट स्वच्छ आहे, उगाच धावपळ नको." तू माझ्या शब्दावर तिकीट रद्द केलंस.

सकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी घरी सांग." आईला आज सांगते. बाबा मात्र येईल-जाईल त्या नर्सला सांगतायत की माझ्या मुलीने मला वाचवलं. त्यांनी डोळे मिटून आत जायच्या आधी त्यांना खरं कळायला हवं, आणि ते एकटीने सांगायची माझी छाती होत नाही. रविवारपर्यंत पोच. शिव्या इथे येऊन दे, दोन थोबाडीत दे, मी गाल पुढे करीन. पण ये, ताई. त्यांना तू दिसायला हवीस.

तुझ्याशी खोटं बोललेली,
तुझीच
धाकटी