लेकुरवाळं फर्न

अकोला, वैशाख

प्रिय गोपाल,

तू पुण्याहून आणून दिलेलं फर्न अजून जिवंत आहे, हे आधी सांगते. अकोल्याच्या उन्हात ते जगवायचं म्हणजे घरात जावई पोसण्यासारखंच. कूलरसमोरची जागा त्याची. तुझे भाऊजी बाजूला बसून वारा घालतात स्वतःला, वर्तमानपत्रानं.

बाबांना ते पहिल्या दिवसापासून खुपलं. ना फूल, ना बोंड, नुसता पाला. येताजाता त्याच्याकडे तिरकं बघायचे. दोन वर्षं कपाशीवर पिठ्या ढेकणाची कीड आली, दिवाळीत तू "विकून टाका वावर" म्हणालास, त्यानंतर ते वावर दुसऱ्याला ठोक्यानं कसायला देऊन माझ्याकडे आले, ते हूं आणि उहूं यावरच होते. मला वाटायचं, माणूस असा बसल्या जागी वाळत जातो.

गेल्या महिन्यात सकाळीच ओरडले, "सीमे, धाव! रोग आला!" मी पोळी तव्यावर टाकून धावले. फर्नचं पान उलटं धरून उभे. पानामागे तपकिरी ठिपके, ओळीनं. "इतकी शिस्तीची कीड म्या उभ्या जन्मात पायली नाही," म्हणाले. मग काय विचारतोस! निंबोळीचा अर्क झाला, तंबाखूचं पाणी झालं. घराला असा वास सुटला, की शेजारच्या जहाँआरा भाभींनी विचारलं, कोणी मेलंबिलं का. ठिपके जागचे हलेनात. शेवटी एक पान माझ्या जेवणाच्या डब्यात घालून बाबा ऑटोनं कृषी विद्यापीठात गेले.

तिथल्या मॅडमनी पान पाहिलं आणि हसल्या. "काका, हा रोग नाही. यातूनच नवी रोपं होतात. झाड लेकुरवाळं आहे तुमचं."

बाबा घरी आले ते दारातच बसले आणि हसायला लागले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायचे, पुन्हा हसायचे. "लेकुरवाळ्या बाईले म्या तंबाखू पाजला व माय!" भाऊजी घाबरून पाणी घेऊन आले. आई गेल्यापासून बाबांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

आता त्यांनी त्या ठिपक्यांतली भुकटी कागदावर झाडून मातीच्या परळात पेरली आहे, वर काच. परवा शेवाळासारखं हिरवं दिसलं, तर साऱ्या गल्लीला बोलावून दाखवलं. आणि काल जेवताना म्हणाले, यंदा वावर कोणाले देत नाही, मीच पेरतो.

मग ताटातलं वरण ढवळत राहिले बराच वेळ. "एकट्यानं नाही होत आता. गोपाल येते का पेरणीले, इचार त्याले. म्या इचारलं असं नोको लिवू."

म्हणून मी माझ्याच मनानं विचारते आहे. येतोस का? हे लिहिताना ते दोनदा डोकावून गेले, "कोणाले लिवून राहिली?" म्हणत; आणि आता कोणी न सांगता पोस्टाचं तिकीट आणायला उन्हात बाहेर पडले आहेत.

तुझीच,
सीमाताई